डेसिबलमागचा माणूस

हडपसरच्या गाडीतळावरचे मोबाइलचे छोटे दुकान असो की अमनोरा मॉलमधले मोठे दालन, लहान मुलांच्या हेडफोनसाठी आता वेगळा कप्पा मांडलेला दिसतो. कुणाला सशाचे कान, कुणाला शिंग, रंग गुलाबी नाहीतर आकाशी. बहुतेक खोक्यांच्या कोपऱ्यात मात्र एकच आकडा छापलेला असतो : ८५ डीबी. यापेक्षा मोठा आवाज या हेडफोनमधून येणार नाही, असा त्याचा अर्थ. तो आकडा पाहून पालक निर्धास्त होतात आणि पुढची चर्चा रंगावर आणि किमतीवर होते.

या ‘डीबी’मधला ‘बी’ हे एका माणसाच्या आडनावाचे पहिले अक्षर आहे. ते म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेल. टेलिफोनचे जनक म्हणून ते शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना ठाऊक असतात. स्वतः बेल मात्र आपली ओळख कर्णबधिरांचे शिक्षक अशीच सांगत. त्यांच्या आईला ऐकू येत नव्हते, पत्नीलाही नव्हते. कान कसा ऐकतो आणि ऐकू न येणाऱ्या मुलाचे पुढे काय होते, या दोन प्रश्नांभोवती त्यांचे सारे आयुष्य फिरले. टेलिफोन हे त्या वाटेवर हाती लागलेले यंत्र. मुलांच्या हेडफोनवरचा आकडा नीट समजून घ्यायचा, तर या माणसाच्या आयुष्याकडे एकदा पाहायला हवे.

आईच्या कपाळाशी बोलणारा मुलगा

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा येथे झाला. घराण्याचा व्यवसायच बोलण्याचा. आजोबा वक्तृत्व आणि शुद्ध उच्चार शिकवत. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल यांनी त्यापुढे जाऊन उच्चारांची एक चिन्हलिपी तयार केली होती. ओठ, जीभ आणि घसा यांची कोणती स्थिती असली की कोणता ध्वनी निघतो, हे त्या चिन्हांवरून कळत असे. ती वाचून न ऐकलेल्या भाषेतला शब्दही उच्चारता येई.

आई एलायझा चित्रकार होती आणि पियानो उत्तम वाजवायची. तिला फार कमी ऐकू येत असे. कानाला लावायच्या नळीचे दुसरे टोक पियानोच्या लाकडी फळीवर टेकवून ती स्वतःचे वादन ऐकायची. घरातले बाकीचे लोक त्या नळीत मोठ्याने बोलत. छोट्या अलेकने वेगळी युक्ती शोधली. आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन तो खालच्या पट्टीत, स्पष्ट बोलायचा. ओरडायची गरज नव्हती. आवाजाची कंपने हाडांतून पोचत आणि आईला त्याचे बोलणे समजे. ऐकणे म्हणजे कंपने पोचणे, हा धडा त्याला विज्ञानाच्या वर्गाआधी घरातच मिळाला.

थोरला भाऊ मेलव्हिल आणि अलेक यांनी मिळून माणसाच्या डोक्याच्या आकाराचे एक यंत्रही बनवले. भात्याने हवा सोडली की त्यातून बाळाच्या हाकेसारखा आवाज निघे. मात्र हे सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. १८६७ मध्ये धाकटा भाऊ एडवर्ड क्षयाने गेला आणि १८७० मध्ये मेलव्हिलही त्याच रोगाने गेला. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. अलेकचीही प्रकृती ढासळू लागली, तेव्हा आईवडिलांनी उरलेल्या एकुलत्या मुलाला घेऊन देश सोडला. १८७० मध्ये कुटुंब कॅनडात ब्रँटफर्ड येथे आले. मोकळ्या हवेत अलेक सावरला.

बोस्टनचे मास्तर

पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, बेल अमेरिकेत बोस्टनच्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवू लागले. वडिलांची चिन्हलिपी वापरून ते मुलांना तोंडाने बोलायला शिकवत. १८७३ मध्ये बोस्टन विद्यापीठात ते स्वरशास्त्राचे प्राध्यापक झाले. खासगी विद्यार्थीही होतेच. त्यांत जॉर्ज सँडर्स नावाचा लहान मुलगा होता आणि मेबल हबर्ड नावाची तरुणी होती. मेबलचे ऐकणे वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास लोहितांग ज्वराने कायमचे गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणे ओळखायची.

दिवसा शिकवणे आणि रात्री प्रयोग, असा बेल यांचा क्रम होता. एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक तारसंदेश पाठवता यावेत, यासाठी तेव्हा अनेक जण धडपडत होते. बेल यांच्या प्रयोगांना पैसा पुरवला तो जॉर्जचे वडील थॉमस सँडर्स आणि मेबलचे वडील गार्डिनर हबर्ड यांनी. म्हणजे टेलिफोनचे पहिले भांडवल दोन कर्णबधिर मुलांच्या घरांतून आले.

मृताच्या कानाने दिलेला धडा

१८७४ च्या उन्हाळ्यातला एक प्रयोग विचित्र वाटेल, पण निर्णायक ठरला. आवाजाच्या लहरी डोळ्यांना दिसाव्यात, म्हणजे कर्णबधिर मुलांना आपला उच्चार ताडून पाहता येईल, अशी बेल यांची कल्पना होती. त्यासाठी कानाचे डॉक्टर क्लॅरेन्स ब्लेक यांनी त्यांना मृत माणसाचा कान मिळवून दिला. बेल यांनी आतल्या हाडाला गवताची काडी जोडली. काडीचे टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकवले. कानात बोलले की पडदा थरथरे, हाडे हलत, काडी हले आणि काजळीवर आवाजाची नागमोडी रेघ उमटे.

बेल यांना नवल वाटले ते एका गोष्टीचे. कानाचा पडदा कागदासारखा पातळ असतो आणि त्याला जोडलेली हाडे त्या मानाने जड असतात. तरीही साध्या बोलण्याने पडदा थरथरतो आणि त्या हाडांना हलवतो. मग मोठा पडदा घेतला, तर तो लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? चुंबकापुढे लोखंड हलले की तारेतला विद्युतप्रवाह आवाजाच्या तालावर कमीजास्त होईल. दुसऱ्या टोकाला तोच प्रवाह दुसऱ्या पडद्याला हलवील. टेलिफोनची मूळ कल्पना ती हीच.

थॉमस वॉटसन या हुशार कारागिराच्या मदतीने तिला आकार आला. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी पेटंटचा अर्ज गेला आणि ७ मार्चला पेटंट मिळाले. १० मार्चला बेल यांनी यंत्रात बोलून वॉटसनला बोलावले आणि शेजारच्या खोलीतून वॉटसन धावत आला. बेल यांचा अर्ज गेला त्याच दिवशी एलिशा ग्रे यांचाही दावा पेटंट कचेरीत पोचला होता, त्यामुळे श्रेयाचा वाद पुढे अनेक वर्षे कोर्टात चालला. निकाल बेल यांच्या बाजूने लागत गेले. ११ जुलै १८७७ रोजी बेल आणि मेबल यांचे लग्न झाले. नव्या कंपनीतले आपले जवळपास सगळे शेअर बेल यांनी मेबलच्या नावावर केले आणि स्वतःकडे फक्त दहा ठेवले.

मुंबईत टेलिफोन यायला फार काळ लागला नाही. २८ जानेवारी १८८२ रोजी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. त्या काळी ग्राहक कानाला धरत तो भाग, म्हणजे चुंबक, तारेचे वेटोळे आणि थरथरणारा पडदा. असे दोन भाग एका पट्टीने डोक्यावर बसवले की हेडफोन झाला. मगरपट्ट्याच्या आयटी कंपनीत कानाला लावून बसलेल्या कर्मचाऱ्याचा हेडसेट काय किंवा मुलाचा गुलाबी हेडफोन काय, बहुतेकांच्या आत अजून याच तीन वस्तू असतात. फरक एवढाच की बेल यांच्या यंत्रातला आवाज इतका क्षीण असे, की तो ऐकायला कान टवकारावे लागत. आता त्याच यंत्राला आवर घालावा लागतो.

वर्गातले ‘मठ्ठ’ ठरलेले विद्यार्थी

पैसा आणि कीर्ती मिळाल्यावरही बेल कानापासून दूर गेले नाहीत. १८७९ च्या सुमारास त्यांनी ऐकणे मोजण्याचे एक यंत्र बनवले. मोजपट्टीवर तारेची दोन वेटोळी बसवलेली. ती एकमेकांपासून दूर सरकवत नेली की कानाला लावलेल्या भागातला आवाज कमी कमी होत जाई. ज्या अंतरावर आवाज ऐकू येईनासा होई, ते त्या कानाचे माप. आज दवाखान्यातल्या बंद खोलीत बसवून जी ऑडिओमेट्री करतात, तिच्या पूर्वजांपैकी हे एक.

हे यंत्र घेऊन वॉशिंग्टनच्या शाळांतल्या मुलांची तपासणी करण्यात आली. त्यातून दिसले ते धक्कादायक होते. साध्या शाळेत बसणाऱ्या, ‘ऐकू येते’ असे सगळे समजत असलेल्या मुलांपैकीही काहींना कमी ऐकू येत होते. ना शिक्षकांना पत्ता, ना घरच्यांना, आणि मुलांना तर नाहीच. जन्मापासून किंवा हळूहळू ऐकणे कमी झालेल्या मुलाला इतरांना किती ऐकू येते हे कळणार कुठून? असे मूल अर्धे वाक्य चुकवते, उत्तर देत नाही आणि लक्ष नसलेले किंवा मठ्ठ ठरते. ऐकणे डोळ्यांना दिसत नाही म्हणून ते मोजले पाहिजे, ही गोष्ट बेल यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिली.

याच काळात त्यांच्यावर घरचे दुःखही कोसळले. त्यांचे दोन मुलगे १८८१ आणि १८८३ मध्ये जन्मतःच दगावले. पहिल्या बाळाला नीट श्वास घेता आला नव्हता. त्यानंतर बेल यांनी छातीभोवती बसवून श्वास देणाऱ्या धातूच्या जाकिटावर काम केले. १८८० मध्ये फ्रान्सने दिलेल्या व्होल्टा पारितोषिकाच्या पैशातून त्यांनी प्रयोगशाळा उभारली आणि पुढे कर्णबधिरांविषयी माहिती गोळा करणारी संस्था काढली. प्रकाशकिरणावरून आवाज पाठवण्याचा प्रयोगही त्यांनी १८८० मध्येच यशस्वी केला होता. दूरच्या अलाबामातून एक बाप आपल्या अंध आणि बधिर मुलीला घेऊन त्यांच्याकडे आला, तेव्हा बेल यांनी त्याला बोस्टनच्या पर्किन्स संस्थेचा रस्ता दाखवला. तिथून १८८७ च्या मार्चमध्ये अ‍ॅन सुलिव्हन ही शिक्षिका त्या घरी गेली. ती मुलगी हेलन केलर. हेलनने आपले आत्मचरित्र बेल यांनाच अर्पण केले.

चुकलेली बाजू

बेल यांचे चरित्र इथे थांबवले तर ते अर्धे राहील. कर्णबधिर मुलांनी तोंडानेच बोलावे आणि ओठ वाचावेत, खुणांच्या भाषेचा आधार घेऊ नये, असा त्यांचा ठाम आग्रह होता. १८८० मध्ये इटलीतील मिलान येथे शिक्षकांच्या परिषदेने याच मताचा ठराव केला आणि पुढे अनेक देशांतल्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. बेल या मताचे सर्वांत वजनदार पुरस्कर्ते होते. पिढ्यान्‌पिढ्या कर्णबधिर मुलांना वर्गात हात हलवल्याबद्दल शिक्षा झाल्या. अनेकांना बोलणेही धड आले नाही आणि स्वतःची भाषाही मिळाली नाही.

१८८३ मध्ये त्यांनी आणखी एक मत मांडले. कर्णबधिर व्यक्तींनी आपापसांत लग्ने केली तर माणसांची एक बधिर शाखाच तयार होईल, म्हणून अशी लग्ने होऊ नयेत यासाठी उपाय करावेत, असे ते मत होते. त्याला शास्त्राचा आधार टिकला नाही. बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटीच जन्मतात, हे आता पक्के माहीत आहे. आई आणि पत्नी दोघी बधिर असलेल्या माणसाने हे म्हणावे, याचे कर्णबधिर समाजाला आजही दुःख आहे. भारतात आता सांकेतिक भाषेला शिक्षणात स्थान मिळत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तिचा उल्लेख आहे.

शेवटची वर्षे आणि एका एककाचे बारसे

उतारवयात बेल कॅनडातील नोव्हा स्कॉशिया प्रांतात तलावाकाठच्या घरी बराच काळ राहत. विमाने, पतंग, पाण्यावरून उचलून धावणाऱ्या बोटी, मेंढ्यांची पैदास, असे त्यांचे नाना उद्योग चालू होते. १९१९ मध्ये त्यांच्या बोटीने ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला. मधुमेहाने शरीर पोखरले होते. २ ऑगस्ट १९२२ रोजी, वयाच्या ७५ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. दफनाच्या वेळी अमेरिका आणि कॅनडातील टेलिफोन मिनिटभर बंद ठेवण्यात आले. काही महिन्यांतच मेबलही गेली.

त्यानंतर काही वर्षांनी, १९२० च्या दशकातच, टेलिफोन कंपनीच्या इंजिनिअरांना एक एकक हवे होते. लांब तारेतून जाताना आवाज किती क्षीण होतो हे ते तोवर तारेच्या मैलांत मोजत. नव्या एककाला त्यांनी बेल यांचे नाव दिले. ते व्यवहारात फार मोठे पडे, म्हणून त्याचा दहावा भाग वापरात आला. तो म्हणजे डेसिबल, अर्थात डीबी. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाला शून्य डेसिबल धरतात. साधे बोलणे ६० च्या आसपास असते. सोलापूर रस्त्यावर वाहने खोळंबली आणि हॉर्न सुरू झाले की आकडा ८० च्या पुढे सहज जातो.

या मोजपट्टीची एक खुबी आहे आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. ती वजनाच्या काट्यासारखी चालत नाही. ८० किलोपेक्षा ९० किलो थोडेसेच जास्त असतात, पण ८० डेसिबलपेक्षा ९० डेसिबल आवाजात दहापट ऊर्जा असते. दर ३ डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते आणि दर १० डेसिबलला दहापट. आपल्या कानाला मात्र १० डेसिबलची वाढ साधारण दुप्पट मोठा आवाज एवढीच वाटते. धोका जितका वाढतो, तितका तो जाणवत नाही.

८५ हा आकडा कुणाचा?

आता पुन्हा मुलांच्या हेडफोनच्या खोक्याकडे वळू. ८५ डेसिबल ही मर्यादा मुळात मुलांसाठी ठरलेलीच नाही. अमेरिकेत कारखान्यांतल्या प्रौढ कामगारांसाठी दिवसाचे आठ तास धरून तज्ज्ञांनी ती सुचवली, आणि तीही धोका पूर्ण घालवणारी नव्हे. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत तर आठ तासांसाठी ९० डेसिबल चालतात. म्हणजे हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणाऱ्या बापासाठी केलेल्या हिशेबाच्या जातीचा आकडा त्याच्या सहा वर्षांच्या मुलीच्या हेडफोनवर छापलेला असतो.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी मिळून गाणी ऐकण्याच्या उपकरणांसाठी वेगळे मानक केले आहे. त्यानुसार मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, तर मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबल ही मर्यादा धरतात. बेल यांची मोजपट्टी हाती असली की पुढचे गणित तोंडी होते. ७५ वरून ८५ वर गेलो, म्हणजे १० डेसिबल वाढले, म्हणजे ऊर्जा दहापट झाली. मग वेळ दहावा हिस्सा हवा. ४० तासांचे उरले ४ तास, तेही सगळ्या आठवड्यात मिळून. दिवसाला जेमतेम अर्धा तास.

याचा अर्थ ८५ डीबीचा हेडफोन वाईट असा नाही. ती कमाल मर्यादा आहे, रोजचा आवाज नव्हे. मूल आवाज अर्ध्यावर ठेवत असेल तर चिंता कमी. पण खोक्यावर ८५ लिहिले आहे म्हणून आवाज पूर्ण वाढवून दोन-दोन तास कार्टून पाहू द्यावे, हा समज मात्र धोक्याचा आहे. काही हेडफोनमध्ये ही मर्यादा ९४ पर्यंत नेणारे बटण असते. ते दाबले की ऊर्जा आणखी आठपट होते आणि आठवड्याचे ४ तास अर्ध्या तासावर येतात.

हे इतके मोजूनमापून का करायचे? आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात १५ हजारांच्या आसपास सूक्ष्म केशपेशी असतात. आवाजाची कंपने त्याच टिपतात. मोठ्या आवाजाने त्या थकतात, वाकतात आणि मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. त्यामुळे मुलाला आवाज ऐकू येतो, पण ‘सात’ म्हटले की ‘हात’ यातला फरक निसटू लागतो. वेदना होत नाहीत, रक्त येत नाही. म्हणून नुकसान झाल्याचे कित्येक वर्षे कळतही नाही.

हेडफोन घेताना आणि वापरताना

पहिली गोष्ट मापाची. सैल हेडफोन सरकतो, फटीतून आवाज निसटतो आणि मूल तो भरून काढायला आवाज वाढवते. फार घट्ट असला तर कान दुखतात आणि मूल तो काढून टाकते किंवा कानाच्या पुढे-मागे सरकवून ठेवते. पट्टी कमीजास्त करता येणारी, वजनाला हलकी, कानाभोवती मऊ गादी बसणारी असावी. शक्य असेल तर दुकानातच मुलाच्या डोक्यावर दहा मिनिटे ठेवून पाहावा. कानाच्या आत खोल जाणारे इअरबड लहान मुलांना देऊ नयेत. मुलांची कानाची नळी लहान असल्याने तोच आवाज पडद्याजवळ जास्त जोराने पोचतो.

दुसरी गोष्ट बाहेरच्या गोंगाटाची. शाळेच्या व्हॅनमध्ये किंवा बसमध्ये मूल हेडफोन लावते, तेव्हा आधी बाहेरचा आवाज आणि त्याच्या वर गाणे, अशी चढाओढ लागते. बाहेरचा आवाज गादीने अडवणारा हेडफोन असेल तर कमी आवाजातही नीट ऐकू येते. प्रवासात हे उपयोगी आहे. रस्त्यावर चालताना किंवा सायकलवर मात्र कोणताच हेडफोन नको, कारण मागून येणाऱ्या गाडीचा आवाज कानावर पडलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट मर्यादेची. काही हेडफोनमध्ये ती वायरीतल्या एका लहानशा भागामुळे पाळली जाते, काहींत आतल्या चिपमुळे. वायर बदलली किंवा दुसरे उपकरण जोडले की ती तशीच राहील याची खात्री नसते. म्हणून फोनच्या किंवा टॅबच्या सेटिंगमध्येही कमाल आवाज ठरवून त्याला पासवर्ड लावावा. घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षाही आहे. शांत खोलीत मुलाच्या कानावर हेडफोन असताना हातभर अंतरावर बसलेल्याला गाण्याचे शब्द कळत असतील, तर आवाज जास्त आहे.

चौथी गोष्ट विश्रांतीची. अर्ध्या-पाऊण तासाने कानांना थोडी उसंत द्यावी. हेडफोन लावूनच झोपू देऊ नये. उन्हाळ्यात गादी घामाने ओली होते, ती पुसून कोरडी ठेवावी. कान फुटलेल्या किंवा वाहणाऱ्या मुलाचा हेडफोन भावंडाला देऊ नये. घरात शांतता असेल तेव्हा टॅबचा स्पीकरच पुरतो, हेडफोनची गरजच नसते.

काही खुणांकडे मात्र दुर्लक्ष नको. मूल वारंवार ‘काय?’ असे विचारते, टीव्हीचा आवाज वाढवते, मागून हाक मारली तर वळत नाही, कानात शिट्टीसारखा आवाज येतो म्हणते किंवा श्रुतलेखनात एकसारख्या वाटणाऱ्या शब्दांत चुका करू लागते, अशा वेळी रागावण्याआधी कान तपासून घ्यावेत. कानाच्या डॉक्टरांकडे ऑडिओमेट्री होते. पुण्यात ससून रुग्णालयातही कान-नाक-घसा विभाग आहे. तपासणीत सुई नाही, दुखणे नाही. आवाज आला की बटण दाबायचे किंवा हात वर करायचा, एवढेच मुलाला करावे लागते.

जागतिक आरोग्य संघटना ३ मार्च हा दिवस जागतिक श्रवण दिन म्हणून पाळते. तारखेतल्या ३.३ या आकड्यांचा आकार दोन कानांसारखा दिसतो, म्हणून ती निवडली. बेल यांचाही जन्मदिवस तोच, हा निव्वळ योगायोग. मुलांचे ऐकणे मोजून पाहा, हे त्यांच्या कामाचे सांगणे त्या दिवसापुरते ठेवण्याचे कारण नाही. शाळेत दरवर्षी मुलांची उंची आणि वजन मोजतात. कानांची तपासणीही त्याच यादीत असायला हवी.